शनिवारवाडा आधी नको, आधी केळकर संग्रहालय

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे की दिवाळीनंतर दोन दिवस पुण्यात मुक्काम आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, दहा वर्षांची लेक आणि इतिहासाचं वेड लागलेला, कॉलेजात शिकणारा भाचा. ताईंनी चौदा ठिकाणांची यादी काढली आहे, पहिलं नाव शनिवारवाडा. यातलं काय ठेवावं, काय गाळावं, आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, यादी पाहिली. चूक एकाही ठिकाणात नाही, चूक क्रमात आहे. गेली बावीस वर्षं मी लोकांना हे शहर पायी हिंडवतो आहे, आणि शनिवारवाड्यात शिरलेल्या दहापैकी सात माणसांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं आहे, "एवढंच?" माणसं दिल्ली दरवाजापाशी फोटो काढतात, आत येतात, समोर हिरवळ आणि दगडी जोती बघतात आणि पाण्याची बाटली शोधायला लागतात. त्यांचाही दोष नाही. वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळला, आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. रिकामं जोतं बघून त्यावर घर उभं करायचं तर त्या घरातली भांडीकुंडी, दिवे, कड्या-कोयंडे आधी कुठेतरी पाहिलेले हवेत.

म्हणून माझा हट्ट असा की पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जायचं आणि शनिवारवाडा दुपारनंतर बघायचा. बाकी काही पाळलं नाही तरी चालेल, एवढं पाळा.

हे संग्रहालय एका माणसाच्या नादातून उभं राहिलं. दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. त्यांचा मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला, आणि पुढे सगळा संग्रह त्यांनी त्याच्या नावाने केला. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी ज्या वस्तू आणल्या त्या राजेरजवाड्यांच्या खजिन्यातल्या नव्हेत, माजघरातल्या आहेत. अडकित्ते, चुनाळी, पानदानं, करंडे, फण्या, दौती, कुलपं, शेवयांचे साचे, समया, लामणदिवे. पाय घासायच्या वज्रीसुद्धा एकीसारखी दुसरी सापडायची नाही. कुणावर मोर, कुणावर हत्ती. टाच घासायच्या वस्तूवर कुणीतरी इतका जीव ओतला होता हे पाहिलं की त्या काळाबद्दल जे कळतं ते सनावळ्या पाठ करून कळत नाही.

संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच एका वेळी मांडलेल्या असतात. तरीही सगळ्या बघायच्या भानगडीत पडू नका. लेकीला एक काम द्या: अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभं राहून आवडलेले तीन निवडायचे आणि वहीत चितारायचे. मुलांना 'नीट बघ' म्हणून काही उपयोग नसतो, चितारायला लावलं की ती आपोआप बघतात. माशाच्या खवल्यांचं चिलखत तिला दाखवा. शाळेत परत गेल्यावर तेवढं एक नक्की सांगेल. सासूबाईंना मात्र स्वयंपाकघराच्या वस्तूंपाशी मोकळं सोडा आणि त्यांचं ऐका. माझ्या अनुभवात त्या दालनात खरा मार्गदर्शक मी कधीच नसतो. "ही आमच्या आजोळी होती" असं म्हणत कुणीतरी आजी पुढे होते आणि वस्तूखालच्या पाटीवर जे नाही ते सांगते: हे कशानं घासायचे, कुणी वापरायचं, सुनेला हात लावायची परवानगी होती की नव्हती.

मस्तानी महाल चुकवू नका. बाजीरावांनी कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वास्तूचे भाग आणून तो इथे पुन्हा उभा केला आहे. तिथे क्षणभर थांबून खांब, महिरपी आणि छत नजरेत भरून घ्या. लाकडावरचं काम, रंग, उजेड कुठून येतो, सगळं. दुपारी शनिवारवाड्याच्या जोत्यांवर हेच उभं करायचं आहे. वाड्यांचे जुने दरवाजेही मांडले आहेत, त्यातली दिंडी, म्हणजे मोठ्या दाराच्या पोटातलं छोटं दार, भाच्याला दाखवून ठेवा.

दोन तास पुरे. संग्रहालयात तिसऱ्या तासाला माणसाचे फक्त पाय चालतात, डोळे बसलेले असतात. मजले चढायचे आहेत, तेव्हा सासऱ्यांचे गुडघे कुरकुरत असतील तर खालचा मजला सावकाश बघू द्या. सगळे मजले झालेच पाहिजेत असं काही नाही. फोटोंबद्दल तिकीट काढतानाच विचारून घ्या, उगाच दालनात वाद नको.

गाडी आणू नका, हेही आत्ताच सांगतो. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दोन्ही एकेरी, आणि पेठांत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते. मंडई स्थानक आणि कसबा पेठ स्थानक, ही दोन लक्षात ठेवली की पहिला दिवस निघतो. ज्येष्ठांसाठी मधल्या टप्प्यांना रिक्षा करा. मंडईपाशी उतरलात तर त्या जुन्या अष्टकोनी इमारतीकडे मान वर करून बघा. १८८६ ची आहे, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुण्यात असे विनोद दगडात कोरलेले आहेत.

जेवून तासभर आडवे व्हा. दुपारी बारा ते तीन शनिवारवाड्यात सावली नाही. एकदा मे महिन्यात, कार्यक्रम घट्ट बसवायच्या नादात, मी पंचवीस जणांना दीड वाजता आत नेलं होतं आणि एका काकांना भोवळ आली. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून साडेतीन-चारच्या आधी मी कुणालाही त्या फाटकातून नेलेलं नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नसतं.

आता दिल्ली दरवाजा. फोटो नंतर, आधी हात लांब करून खिळ्यांची उंची बघा. हत्तीचं गंडस्थळ येईल तिथे ते ठोकलेले आहेत. एकेका फळीवर नऊ गुणिले आठ असे ७२, लेकीला मोजू दे. मग ती दिंडी, सकाळी पाहिलेली. वाकून, डोकं आधी घालून आत यावं लागतं, आणि शत्रूने डोकं आधी घातलं तर पुढचं सांगायला नको. आत आल्यावर वाट सरळ जात नाही, एकदा उजवीकडे आणि लगेच डावीकडे वळते. धावत आलेल्या माणसाचा आणि घोड्याचा वेग इथे मोडतो. भाच्याला हे आवडेल.

त्या वळणातून बाहेर पडून तटाकडे बघा. खाली दगड, वर वीट. यामागची गोष्ट सगळे गाईड सांगतात: दगडी वाडा बांधायचा मान फक्त राजाचा, अशी तक्रार साताऱ्याला छत्रपती शाहूंकडे गेली आणि उरलेलं बांधकाम विटेत झालं. गोष्ट म्हणून ऐका. तारखा मात्र पक्क्या आहेत. पायाभरणी १० जानेवारी १७३० ला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, दोन्ही शनिवार. सागवान जुन्नरच्या रानातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. त्यातलं सागवान गेलं. दगड आणि चुना राहिले. तुमच्यासमोर जे आहे ते एवढंच, आणि वाडा का राहिला नाही याचं उत्तरही त्यातच आहे.

मग जोत्यांवर चढा. तळखडे शोधा, म्हणजे खांबाखालचे घडीव दगड. दोन तळखड्यांमधलं अंतर पावलांनी मोजा. तेवढा एक खण. चार खण मोजून झाले की मुलीला सांगा, आता सकाळचे मस्तानी महालातले खांब इथे उभे कर. वर कडीपाट घाल. बाजूला समई ठेव. कोपऱ्यात पानदान. माझ्यासोबत आलेली मुलं हे फार पटकन करतात, मोठ्यांना जरा वेळ लागतो. थोरल्या रायांचा, म्हणजे पहिल्या बाजीरावांचा, दिवाणखाना, नाचाचा दिवाणखाना, आरसेमहाल ही नावं कागदपत्रांत आहेत. ती या दगडांवर ठेवून वाचली की रिकामं मैदान हळूहळू भरायला लागतं.

हजारी कारंजं म्हणजे सोळा पाकळ्यांचं कमळ, लहानग्या सवाई माधवरावांसाठी केलेलं. ते बघताना पाण्याचा विचार करा. नदी हाकेच्या अंतरावर असली तरी वाड्यातलं पाणी नदीचं नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळांतून पाणी गावात आणलं गेलं, वाटेत पेठापेठांत हौद आणि वर हवा सुटायला उच्छ्वास. पुण्यात अजूनही पत्ता सांगताना लोक 'काळ्या हौदापाशी' म्हणतात, ते हेच. माझ्या मते पेशव्यांच्या काळातलं या शहरातलं सर्वांत शहाणपणाचं बांधकाम वाडा नाही, हा नळ आहे. पण त्याच्यापुढे उभं राहून फोटो येत नाही, त्यामुळे त्याला कुणी यादीत घेत नाही.

भुताचं विचारतील म्हणून सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ ला अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री पहारेकऱ्यांनी, इथे खून केला. काका रघुनाथरावांना न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं. 'काका मला वाचवा' आणि 'ध चा मा' या त्याभोवती वाढलेल्या लोककथा. अमावास्येच्या रात्री आवाज येतो म्हणणाऱ्यांना मी विचारतो की रात्री फाटक बंद असतं, तुम्ही ऐकलात कुठून? मुलीला घाबरवू नका, पण सत्तेतल्या माणसाला त्याच्याच पदरच्या न्यायाधीशाने दोषी म्हटलं, हे जरूर सांगा. भुतापेक्षा ते दुर्मीळ आहे.

तिथून लालमहाल चालत पाच मिनिटांवर. मुलीला आधीच सांगा की ही इमारत १९८० च्या दशकातली, महापालिकेने उभारलेली. शहाजीराजांनी जिजाऊ आणि बाळ शिवाजीसाठी बांधलेला मूळ लालमहाल केव्हाच नाहीसा झाला. १६६३ च्या एप्रिलात शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती याच परिसरात, एवढं मनात धरून वीस मिनिटांत बाहेर पडा. पुढे कसबा गणपतीला हात जोडा, ग्रामदैवत आहे, आणि अंधार पडायच्या आत कसबा पेठेतली तांबट आळी गाठा.

तांबट आळी तुमच्या यादीत नाही, आणि मला वाटतं पहिल्या दिवसाचा कळस तीच आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची घरं आणि भट्ट्या अजून तिथे आहेत. ठोक ठोक आवाजाच्या मागे गेलं की आळी सापडते. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्यावर जी चमकती खवलेदार नक्षी उठते तिला मठारकाम म्हणतात. सकाळी काचेआड पाहिलेलं घंगाळ इथे माणसाच्या मांडीवर असतं. त्यांचं कामाचं ठिकाण आहे हे विसरू नका. विचारून उभे राहा, रस्ता अडवू नका, आणि जमलं तर एखादा तांब्या विकत घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस. रिक्षाने जा. १८९२ साली सुलतान मुहम्मद शाह आगाखान तिसरे यांनी बांधलेला, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून, असं सांगतात. कमानी सुंदर आहेत, बाग मोठी आहे, आणि लोक नेमके तेवढंच बघून परततात. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना इथे स्थानबद्ध केलं आणि ६ मे १९४४ ला सोडलं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आल्यानंतर सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, इथेच गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. सासू-सासऱ्यांना दालनांतले फलक वाचायला लावू नका, थेट समाध्यांपाशी न्या आणि तिथल्या झाडांखाली बसू द्या. मुलीला एकच गोष्ट मोजायला सांगा: बंगल्यातून समाधीपर्यंत किती पावलं. कैदेत असलेला माणूस आपल्या बायकोच्या समाधीपर्यंत किती चालत असेल, याचा आकडा तिला मिळेल.

भाच्याला मात्र तिथूनच सोडा. डेक्कन कॉलेज येरवड्यातच आहे आणि तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावच्या उत्खननाचं काम त्याला बघता येईल. पुण्याचा इतिहास शिवकाळापासून सुरू होतो असं वाटणाऱ्यांना तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठी कोण शेती करत होतं हे कळलेलं बरं. आधी फोन करून जावं, ती मुळात अभ्यासाची जागा आहे. जुन्या कागदपत्रांची मोडी लिपी वाचायची असेल तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी सुरू केलेलं. पण तिथे 'बघायला' जाऊ नये, काहीतरी विचारायला जावं.

तुम्ही बाकीचे दुपारी बाजीराव रस्त्यावर या. विश्रामबागवाडा बाहेरूनच बघायला उभे राहिलात तरी पंधरा मिनिटं जातात. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमाराला पुरा केलेला हा वाडा. दर्शनी भागातले सुरूच्या झाडासारखे कोरलेले सागवानी खांब पाहा. काल जे जोत्यांवर मनाने उभं केलं होतं ते इथे खरोखर उभं आहे, थोडं थकलेलं. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये याच वाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली, ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. आता इथून चालत दहा मिनिटांवर, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडेवाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. जीर्ण झालेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. म्हणजे बघायला तसं काही नाही. तरी मी प्रत्येक गटाला विश्रामबागवाड्यापासून तिथपर्यंत चालतच नेतो. १८२१ ते १८४८, सत्तावीस वर्षं आणि दहा मिनिटं. पुण्याचं एकोणिसावं शतक एवढ्या रस्त्यावर मावतं.

मग रिक्षाने गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, फुलेवाड्यात. तुमच्या यादीत हा तेराव्या क्रमांकावर होता, 'वेळ उरला तर' असा शेरा मारून. तो वर आणा. छोटं, स्वच्छ, कौलारू घर आहे, आणि अंगणात विहीर. अस्पृश्यांना पाणी मिळेना तेव्हा १८६८ मध्ये जोतीरावांनी घरचा हौद खुला केला. काल कात्रजच्या पाण्याचं कौतुक केलं होतं ना, ते पाणी कुणाला भरू देत होते आणि कुणाला नाही, हा प्रश्न इथे येऊन पडतो. आपलं दहन न करता मिठात पुरावं अशी जोतीरावांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी नाकारली, दहन झालं आणि अस्थी या अंगणात ठेवल्या. समाधीपाशी मुलीला सांगा की तू शाळेत जातेस त्याचा या अंगणाशी संबंध आहे. माझा अनुभव असा की यापुढे काही सांगावं लागत नाही.

गाळायचं काय, तेही एकदाचं सांगतो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, सासऱ्यांना घेऊन नको. भाच्याला पहाटे एकट्याला धाडा. नानासाहेब पेशवे तिथेच वारले, पानिपतानंतर काही महिन्यांत, आणि १८१७ ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने तिथूनच पाहिली. वानवडीची शिंदे छत्री सुरेख आहे पण आडबाजूला. केसरीवाडा टिळकांवर वाचन झालं असेल तर जरूर, नाहीतर पुढच्या खेपेला. पाताळेश्वराचं लेणं जंगली महाराज रस्त्यावरच, आठव्या शतकातलं, एकसंध कातळात कोरलेलं, आणि समोरचा गोल नंदीमंडप असा दुसरीकडे क्वचितच दिसतो. परतीच्या वाटेवर अर्धा तास मिळाला तर तेवढं करा, ज्येष्ठांनाही जमेल.

एक शेवटची जागा, फक्त भाच्यासाठी, कारण तुम्ही सोबत पाठवलेल्या त्याच्या तीन प्रश्नांतले दोन 'इंग्रज नेमके कधी दिसायला लागले' असे होते. सोमवार पेठेत नागझरीजवळ त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. १७५४ मध्ये काम सुरू झालेलं, गाभाऱ्यात मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, आणि लेख संस्कृतात तसाच फारसीतही. दर्शनी भिंतीवर खालच्या बाजूला एक शिल्प शोधायला सांगा: गोरे शिपाई साखळदंडांनी गेंडा बांधताहेत. गेंडा म्हणजे बंगाल आणि हे प्लासीच्या लढाईनंतरचं भाष्य, असा अर्थ काहीजण लावतात. शनिवारवाड्यावर निशाण बदललं १७ नोव्हेंबर १८१७ ला. हे देऊळ १७७० ला पुरं झालं, म्हणजे कुणा पाथरवटाने ते गोरे शिपाई निदान सत्तेचाळीस वर्षं आधी दगडात कोरून ठेवले होते. सकाळी आठ-नऊला जा म्हणावं, तेव्हा ऊन तिरपं असतं आणि गेंडा नीट दिसतो.